आमवाताचा धोका आणि बाईचे ताट : काय सुरू करावे, काय उगाच सोडू नये

माझ्या मावशीला बेचाळिसाव्या वर्षी आमवाताचे निदान झाले, तेव्हा तिच्या मुलीने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "ताई, मी काय खायचं बंद करू, म्हणजे मला हे होणार नाही?" आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हाच प्रश्न आमवात झालेल्या बायकांच्या बहिणी आणि लेकी मला विचारत आल्या आहेत. प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्यातला 'बंद करू' हा शब्द मला दरवेळी खटकतो. आहार आणि आमवात यांच्या संबंधाविषयी जो भरवशाचा पुरावा हाती आहे, तो बंद करण्याच्या दोन-तीनच गोष्टी सांगतो, आणि सुरू करून वर्षानुवर्षे टिकवण्याच्या मात्र बऱ्याच. आपल्या घरांत नेमके उलटे होते : डाळ, दही, टोमॅटो, वांगे यांवर पहिल्याच दिवशी बंदी येते आणि रोजच्या थंड पेयाच्या बाटलीकडे किंवा वाढत्या कंबरेकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून ही मांडणी पायरीपायरीने करते आहे. ज्यांना अजून आजार झालेला नाही, पण धोका कमी करावा असे वाटते, अशा स्त्रियांसाठी ती मुख्यतः आहे.

आधी आजार नीट ओळखावा

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, वयाबरोबर गुडघ्यांची झीज होऊन येणाऱ्या दुखण्यापेक्षा वेगळा आजार आहे, आणि युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या गाऊटशीही त्याचा संबंध नाही. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला परके समजून त्याच्यावर हल्ला करते. अस्तर सुजते, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास कूर्चा व हाड झिजू लागते. जगभरात साधारणपणे हजारातल्या पाच ते दहा जणांना हा आजार असतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण या गावी १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली, तिच्यातही हे प्रमाण हजारी पाचाच्या आसपास आढळले. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना तो दोन ते तीन पट अधिक होतो.

आहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा आजार बोटे सुजतात त्या दिवशी सुरू होत नाही. अनेक रुग्णांच्या रक्तात अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) सूज दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून सापडतात. हिरड्या, फुप्फुसे आणि आतडी यांच्या ओलसर अस्तरांत, धूर, जंतू किंवा दीर्घकाळचा दाह यांमुळे काही प्रथिनांचे रूप किंचित बदलते आणि अनुवंशाने प्रवण असलेल्या शरीरात त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात, असे आज मानले जाते. हा मुका काळ वर्षांचा असतो, आणि आहाराला काही करता येत असेल तर ते याच काळात. सूज उतरवण्यासाठी आठवडाभराचे पथ्य आणि धोका कमी करण्यासाठी दहा वर्षांची सवय या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

पुरावा कुठला आणि किती वजनाचा

या विषयावरची बरीचशी माहिती अमेरिकेतल्या परिचारिकांनी दिली आहे. १९७६ साली तिथे १ लाख २१ हजार ७०० परिचारिकांची एक दीर्घ पाहणी सुरू झाली आणि १९८९ मध्ये तरुण परिचारिकांची दुसरी. दर चार वर्षांनी या बायका आपण काय आणि किती खातो याची सविस्तर प्रश्नावली भरून पाठवत राहिल्या. संशोधकांनी त्यांच्या आहाराला ११० पैकी गुण दिले. भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये व दाणे, माशांतले ओमेगा-३, इतर असंपृक्त स्निग्ध पदार्थ यांना वाढते गुण होते, तर गोड पेये, लाल व प्रक्रिया केलेले मांस, ट्रान्स फॅट आणि मीठ जितके जास्त तितके गुण कमी. मद्याचे थोडे प्रमाण हा अकरावा घटक होता.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे १ लाख ७० हजार स्त्रियांपैकी १,००७ जणींना पाहणीच्या काळात आमवात झाल्याचे आढळले. ज्यांचे आहाराचे गुण सर्वांत वरच्या चतुर्थांशात होते, त्यांना वयाच्या पंचावन्न वर्षांपर्यंत आमवात होण्याचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशातल्या बायकांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी होता. रक्तात प्रतिपिंडे सापडणाऱ्या, म्हणजे सहसा अधिक तीव्र असलेल्या प्रकारात हा फरक आणखी थोडा मोठा होता. पंचावन्ननंतर सुरू होणाऱ्या आमवातात असा फरक दिसला नाही.

हे आकडे वाचताना मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला तीन गोष्टी आवर्जून सांगते. पहिली, १ लाख ७० हजारांत १,००७ म्हणजे हजारात सुमारे सहा. एक तृतीयांश घट ऐकायला मोठी वाटते, पण ती मुळातच लहान असलेल्या धोक्यातली घट आहे. दुसरी, ही पाहणी आहे, प्रयोग नाही. चांगले खाणाऱ्या बायका बहुधा इतरही बाबतींत काळजी घेणाऱ्या असतात, आणि संशोधकांनी कितीही हिशेब केला तरी तो परिणाम पूर्ण वेगळा काढता येत नाही. तिसरी, याच परिचारिकांच्या माहितीवर २०१५ मध्ये भूमध्य सागरी आहाराची (भाज्या, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर देणाऱ्या खाण्याची) वेगळ्या मोजमापाने तपासणी झाली तेव्हा आमवाताशी ठळक संबंध सापडला नव्हता. तेव्हा आहार ही भिंत नव्हे. तो तराजूच्या एका पारड्यातला छोटासा पण रोज टाकता येणारा दाणा आहे, आणि अनुवंश बदलता येत नसताना तो दाणा मला मोलाचा वाटतो.

पहिली पायरी : आपला धोका कागदावर मांडावा

आई, सख्खी बहीण किंवा मुलगी यांपैकी कोणाला आमवात असेल, तर आपला धोका सर्वसाधारण बाईपेक्षा सुमारे तिपटीने अधिक असतो. ऐकून घाबरायला होते, पण हजारात पाच-दहाचे तिप्पट केले तरी बहुसंख्य लेकींना हा आजार होत नाही. माझ्या मावसबहिणीला हे गणित कागदावर करून दाखवले, तेव्हा तिचा चेहरा सैल झाला.

धूम्रपान हा या आजाराचा सर्वांत पक्का आणि टाळता येण्याजोगा धोका आहे. ज्यांच्यात विशिष्ट अनुवंशिक ठेवण असते, त्यांच्यात सिगारेट किंवा बिडीचा धूर धोका कित्येक पटींनी वाढवतो. आपल्याकडे अनेक बायका बिडी ओढत नाहीत, पण मिश्री लावतात. धुराबद्दलचा पुरावा मिश्रीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरी तंबाखूने हिरड्या सोलवटतात, आणि हिरड्यांचा जुनाट आजार आमवाताशी जोडला गेलेला आहे. तोंडाच्या कर्करोगाचे कारण तर आहेच. ताट बदलण्याआधी मिश्रीचा डबा घरातून जावा, असे मी स्पष्ट सांगते. घरात कोणी ओढणारे असेल, तर त्याच्याशीही बोलावे.

बाळंतपणानंतरचा एक मुद्दा आहारतज्ज्ञांच्या बोलण्यात सहसा येत नाही, म्हणून इथे नोंदवते. परिचारिकांच्या याच पाहणीत, सर्व मुले मिळून एक वर्षाहून अधिक काळ स्तनपान दिलेल्या स्त्रियांमध्ये आमवाताचे प्रमाण कमी आढळले. अंगावर पाजणाऱ्या लेकीसुनेला घरातून आधार मिळावा याचे हे आणखी एक कारण आहे.

दुसरी पायरी : आठवडाभराची वही

काहीही न बदलता सात दिवस फक्त लिहावे. भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागचे पान पुरते. किती कप चहा आणि प्रत्येकात किती चमचे साखर, बाटलीतले किंवा पाकिटातले गोड पेय किती वेळा, डाळ-उसळ किती वाट्या, पालेभाजी कोणत्या दिवशी, फळ कोणते, मासे किती वेळा, आणि पाकीट फोडून खाल्लेले पदार्थ कोणते, एवढेच रकाने ठेवावेत. स्वयंपाकघरात उभ्याने तोंडात टाकलेले फरसाण आणि मुलांच्या ताटातले उरलेलेही लिहावे, कारण बायकांच्या आहाराचा बराच भाग असा उभ्यानेच होतो.

अशी एक वही मला चांगली आठवते. ती बाई घरच्यांना मटकीची उसळ करून वाढत असे आणि स्वतः उरलेल्या भाताबरोबर लोणचे खाऊन उठत असे. सात दिवसांत तिच्या नावापुढे डाळ एकूण अडीच वाट्या होती. तिला काही सोडायला सांगण्याची गरजच नव्हती. तिचे ताट भरायला हवे होते.

तिसरी पायरी : पेयांपासून सुरुवात

एकाच गोष्टीपासून सुरुवात करायची असेल तर ती इथून करावी. २०१४ मध्ये परिचारिकांच्या माहितीवरून असे दिसले, की दिवसाला एक किंवा त्याहून अधिक साखरयुक्त सोडा पेये घेणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रतिपिंडे असलेल्या आमवाताचा धोका, ती जवळजवळ न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होता. साखरविरहित सोड्याशी असा संबंध आढळला नाही. तीनशे मिलिलिटरच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये सुमारे तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे घरच्या छोट्या चमच्याने सहा-सात चमचे. ही साखर रक्तात झटकन जाते, पोट मात्र भरत नाही, आणि वजनही याच वाटेने चढते.

चहातल्या साखरेची अशी वेगळी तपासणी झालेली नाही, त्यामुळे चहाने आमवात होतो असे कोणी म्हणू नये. चहा-कॉफीबद्दल वेगवेगळ्या पाहण्यांनी उलटसुलट निष्कर्ष दिले आहेत. त्यामुळे सकाळचा चहा कोणी सोडावा असे मी म्हणणार नाही. पण दिवसात तीन कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे तोही जवळपास एका कोल्ड्रिंकचाच हिशेब होतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही. गुळाचा चहा हा यावर तोडगा नाही, कारण गूळ ही साखरच आहे. कोकम सरबत किंवा पन्हे घरी करून कमी गोड प्यावे, ताक रोज प्यावे, आणि फळांचा रस काढण्याऐवजी फळ चावून खावे. त्या ११० गुणांच्या मोजपट्टीत फळांचा रससुद्धा गोड पेयांच्याच रांगेत बसवलेला आहे.

चौथी पायरी : धान्य, कडधान्य आणि भाजी

आतड्यातले उपयुक्त जीवाणू तंतुमय पदार्थांवर जगतात आणि त्यांपासून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. ही मेदाम्ले आतड्याचे अस्तर मजबूत ठेवतात आणि रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ देतात. नव्याने आमवात झालेल्या रुग्णांच्या आतड्यातली जीवाणूंची वस्ती निरोगी माणसांपेक्षा वेगळी असल्याचे २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवले होते. वस्ती बदलल्याने आजार होतो की आजाराने वस्ती बदलते, हा वाद अजून संपलेला नाही, पण तंतूंच्या बाजूने बोलणारी इतर कारणेही इतकी आहेत की वाट पाहण्याची गरज नाही.

आपल्या सुदैवाने यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. त्या मोजपट्टीत बायकांना अख्ख्या धान्याचे पूर्ण गुण दिवसाला ७५ ग्रॅमला मिळतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांत एवढे पीठ सहज जाते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचे पीठ न चाळता वापरावे. पोळीची सवय मोडवत नसेल तर निदान रात्रीच्या जेवणात भाकरी आणावी. ज्यांच्या बोटांना भाकरी थापणे जड जाते, त्यांनी ज्वारीची उकड किंवा नाचणीची आंबील करावी. पांढऱ्या भाताचा ढीग कमी करून त्या जागी उसळीची दुसरी वाटी घ्यावी. मूग, मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ, काहीही चालेल, पण रोज. मोड आणल्याने पचन सोपे होते. गॅस होतो म्हणून उसळ टाळणाऱ्या बायकांनी अर्ध्या वाटीने सुरुवात करून महिन्याभरात वाढवावी.

भाजीत एक खुलासा हवा. त्या मोजपट्टीत बटाटा भाज्यांत धरलेला नाही. बटाट्याची भाजी झाली म्हणजे भाजी झाली असे समजू नये. मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, माठ, शेवग्याचा पाला यांपैकी काहीतरी आठवड्यातून चार-पाच वेळा व्हावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही भाज्या व फळांना ताटाचा सर्वांत मोठा वाटा दिला आहे. पेरू, बोरे, जांभळे, आवळा ही आपली स्वस्त फळे महागड्या परदेशी बेरींपुढे कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

पाचवी पायरी : मासे खाणाऱ्यांनी बांगडा, न खाणाऱ्यांनी जवस

स्वीडनमध्ये ३२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, माशांतले लांब साखळीचे ओमेगा-३ दिवसाला ०.२१ ग्रॅमहून अधिक पोटात जात होते त्यांचा आमवाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला, आणि ही सवय दहा वर्षे टिकवलेल्यांत घट आणखी मोठी होती. तेलकट मासा आठवड्यातून एकदा खाल्ला तरी एवढे ओमेगा-३ मिळते. अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये मात्र सरसकट असा फायदा दिसला नाही, तो पंचावन्नच्या आत सुरू होणाऱ्या आमवातापुरता आणि वारंवार मासे खाणाऱ्यांपुरता दिसला.

कोकणात आणि गोव्यात यासाठी सुरमईवर पैसे घालवण्याची गरज नाही. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासेच ओमेगा-३ मध्ये श्रीमंत आहेत. पापलेट चवीला उत्तम, पण या हिशेबात तो बांगड्याच्या मागे पडतो. रवा लावून भरपूर तेलात तळण्यापेक्षा तिरफळ घालून केलेले बांगड्याचे तिखले किंवा तारल्यांचे सुके अधिक बरे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुढे श्रावण येतो. ते दोन-तीन महिने सुक्या माशांवर भर दिला जातो, पण खारवलेल्या सुक्या बांगड्यात मीठ भरपूर असते, म्हणून तो तोंडी लावण्यापुरता ठेवावा. वर्षभराच्या सवयीत अशा खंडाने बिघडत नाही.

शाकाहारी बायकांना मी जवस सांगते, पण खरे काय तेही सांगते. जवसातले ओमेगा-३ आखूड साखळीचे असते आणि शरीर त्याचा थोडासाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकते, त्यामुळे स्वीडनमधला आकडा जवसाच्या चटणीला लावता येत नाही. तरीही तंतू आणि चांगले तेल म्हणून ती रोजच्या ताटात असावी. जवस कोरड्या कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, गार झाल्यावर लसूण, जिरे, लाल तिखट आणि बेताचे मीठ घालून भरडसर कुटावा. एका वेळी दोन आठवड्यांपुरतीच चटणी करावी, कारण जवसाचे तेल लवकर खवट होते. कारळे, तीळ, शेंगदाणे आणि परवडत असेल तर अक्रोड यांचीही मूठभर साथ असू द्यावी.

सहावी पायरी : पाकिटे, मीठ आणि मांस

खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटे, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे, फरसाण यांबाबत लांबण लावत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी खावेत, रोजच्या चहाबरोबर नाही. २०२२ पासून भारतात तेल-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी एकाच तेलाला वारंवार उकळी आणण्याची सवय आपल्याच हातात आहे. मिठाबद्दल स्वीडनमधल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जास्त मिठाने धोका दुपटीहून वाढल्याचे दिसले, इतरांत नाही. रक्तदाबासाठी म्हणून तरी दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, पाळावी. पापड, लोणचे आणि खारवलेले पदार्थ त्यातच मोजावेत.

लाल मांसाबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मटण रविवारी एकदा असेल तर मी त्याला हात लावत नाही. सॉसेज, सलामी रोजच्या डब्यात असतील तर मात्र कमी करायला सांगते. मद्याच्या थोड्या प्रमाणाने धोका किंचित घटतो असे काही पाहण्यांत दिसले आहे, पण त्यासाठी कोणी मद्य सुरू करावे असे मी कधीही सांगणार नाही, कारण थोड्या मद्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सातवी पायरी : वजन आणि 'ड' जीवनसत्त्व

पोटाभोवतीची चरबी निष्क्रिय साठा नसते. ती दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडत राहते. परिचारिकांमध्ये पंचावन्नच्या आत आमवात होण्याचा धोका स्थूल स्त्रियांत सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक होता. भारतीय बांध्याला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २३ पासूनच जास्त धरतात आणि कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर लावून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घेर लिहावा. वजनकाट्यापेक्षा ही टेप मला अधिक खरी वाटते. वरच्या पायऱ्या नीट पाळल्या तर वेगळे डाएट लागत नाही, रोज अर्धा तास भरभर चालणे मात्र लागते.

अमेरिकेत सुमारे २६ हजार मध्यमवयीन व वयस्कर स्त्री-पुरुषांवर केलेल्या प्रयोगात, रोज २००० युनिट 'ड' जीवनसत्त्व पाच वर्षे घेणाऱ्यांत सर्व स्वयंप्रतिकार आजार मिळून २२ टक्क्यांनी कमी आढळले. हा निकाल २०२२ चा आहे. तो केवळ आमवातापुरता नाही आणि तरुण बायकांवरचाही नाही, पण ती पाहणी नसून प्रयोग होता, म्हणून त्याला वजन आहे. आपल्याकडे उन्हात न निघणाऱ्या बायकांत 'ड' ची कमतरता फार असते. तपासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घ्यावी. साठ हजार युनिटची पुडी शेजारणीच्या सल्ल्याने महिनोन्महिने दर आठवड्याला घेणे धोक्याचे आहे, त्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आठवी पायरी : काय सोडू नये

ही पायरी मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. मावशीचे निदान झाल्यावर पुढच्या दोन महिन्यांत नातेवाइकांनी तिला सांगितलेल्या पथ्यांची यादी तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती : आंबट बंद, दही-ताक बंद, टोमॅटो, वांगे, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ आणि वाटाणे वातूळ म्हणून बंद, तुरीच्या डाळीने युरिक अॅसिड वाढते म्हणून तीही बंद, केळे थंड म्हणून बंद. उरले काय, तर भात, मुगाचे पाणी आणि दुधी. तिचे वजन सात किलोंनी घटले, हिमोग्लोबिन खाली आले, आणि बोटांची सूज होती तिथेच राहिली.

या यादीतल्या एकाही पदार्थाने आमवात होतो असा भरवशाचा पुरावा नाही. युरिक अॅसिडचा आजार गाऊट, आमवातात डाळ सोडण्याचे कारण नाही, आणि गाऊटमध्येही डाळी हा मुख्य गुन्हेगार नसतो. दह्याचे आंबटपण सांध्यात जाऊन साचत नाही. एखादा विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर एखादीला दरवेळी त्रास होत असेल, तर तो तीन आठवडे बंद करून पुन्हा खाऊन पाहावा, फरक नसेल तर तो ताटात परत यावा. पण एका वेळी एकच पदार्थ. आईला सांगितलेले पथ्य लेकीनेही आधीपासून पाळावे, असे तर मुळीच नाही.

हळद स्वयंपाकात नेहमीसारखी वापरावी. तिच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूलने आमवात टळतो असे सिद्ध झालेले नाही, उलट अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या बायका आमवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना न विचारता त्या घेऊच नयेत.

नववी पायरी : ताटावर विसंबून थांबू नये अशा खुणा

एवढे सगळे करूनही आजार होऊ शकतो, आणि झाला तर तो आपल्या खाण्याच्या चुकीने झाला असे कोणत्याही बाईने मनाला लावून घेऊ नये. तिथून पुढे आहार साथीला राहतो, उपचाराची जागा घेत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आमवाताच्या रुग्णांना औषधांच्या जोडीला भूमध्य सागरी पद्धतीचा आहार सुचवला आहे, इतर कोणतेही ठरावीक पथ्य सुचवलेले नाही. औषधे पहिल्या तीन महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाचण्याची शक्यता बरीच वाढते. ते तीन महिने काढे आणि उपासांत गेलेले मी फार जणींचे पाहिले आहेत.

सकाळी उठल्यावर बोटे आखडून राहतात आणि मोकळी व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो का, ते घड्याळ लावून पाहावे. बोटांची मुळे किंवा मधले सांधे दोन्ही हातांना सुजलेले आहेत का, नेहमीची बांगडी किंवा अंगठी अडकते का, कणीक मळताना मूठ पूर्ण वळते का, आणि कोणी हस्तांदोलनासारखा पंजा आडवा दाबला तर कळ येते का, हे पाहावे. अशी सूज सहा आठवडे टिकण्याची वाट न पाहता फॅमिली डॉक्टरांकडून संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्यावी. नुकताच चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर ते आधी सांगावे, कारण त्यानंतरचे सांधेदुखणे महिनोन्महिने आमवातासारखेच दिसते. आमवातासाठी रक्तात तपासला जाणारा आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असे होत नाही, आणि काही त्रास नसताना तो पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहे असेही नाही. म्हणून लक्षणे नसलेल्या लेकीबहिणींनी भीतीपोटी आधीच रक्त तपासून घेऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना दुसऱ्या पायरीतली वही सोबत न्यावी, आणि तिच्यात एक रकाना वाढवावा : सकाळी बोटे किती मिनिटांनी मोकळी झाली. दवाखान्याचा नंबर बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी लागतो, तोवर सूज ओसरलेली असते आणि 'आता तर काही दिसत नाही' असे ऐकून परत यावे लागते. मावशीच्या बाबतीत हे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला तिच्या मुलीने पहाटे सहा वाजता, ओट्याच्या दिव्याखाली, तिच्या दोन्ही पंजांचे फोटो काढून नेले आणि त्याच दिवशी तिला तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.